धाकटी पाती

वकिलीच्या व्यवसायात आम्हांस नाना प्रकारचे कागद पाहावे लागतात. परंतु पक्षकार ज्याकडे कायद्याच्या दृष्टीने नव्हे तर मनाच्या ओढीने पाहतो असा कागद एकच, तो म्हणजे वंशावळ. वाटणीचा दावा असो, अतियातीची जुनी मिसल असो, की एखाद्या देवस्थानाच्या पाळीचा तंटा असो, प्रथम उलगडला जातो तो हा वृक्ष. त्याचे खोड ठळक असते. थोरल्याखाली थोरला, त्याखाली पुन्हा थोरला, असा तो सरळ खाली उतरतो. बाजूच्या फांद्या मात्र दोन-तीन पिढ्या चालतात आणि मग थांबतात. त्या खुंटल्या म्हणून थांबतात असे नव्हे. पुष्कळदा लिहिणाऱ्याने पुढे विचारलेच नाही, म्हणून थांबतात.

काही वर्षांपूर्वी एक वयोवृद्ध गृहस्थ असाच कागद घेऊन आमच्याकडे आले होते. त्यांच्या मूळ गावच्या देवालयात त्यांच्या घराण्याकडे पूजेची पाळी होती. कागदावर एका नावावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, आमचे आजोबा येथे आहेत. त्यांच्या खाली मात्र कोणीच नाही. मग आम्ही कोण?’’ प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देण्यास आम्हांस त्या दिवशी पुरेसे शब्द सापडले नाहीत. पुढील लेख हे त्या उत्तराचेच उशिरा झालेले टिपण आहे असे वाचकांनी समजावे.

धाकट्या पातीचा हा प्रश्न नवा नाही, आणि एकट्या आपल्या देशाचाही नाही. युरोपातील राजघराण्यांस त्याने शतकानुशतके छळले. त्यांनी त्यावर जो उपाय काढला तो कठोर होता. इ. स. १३५६ च्या सुवर्णपत्राने जर्मन सम्राटाची निवड करणाऱ्या सात निर्वाचकांचा अधिकार निश्चित केला. त्यांपैकी जे धर्मगुरू नव्हते त्यांचे निर्वाचकपदाचे प्रदेश अविभाज्य ठरवून ते ज्येष्ठ पुत्राकडेच जावेत असा नियम घातला. ब्रँडेनबुर्गच्या होहेन्झोलर्न घराण्याने १४७३ मध्ये घरच्या दंडकानेच तो प्रदेश अखंड ठेवण्याचे ठरविले. फ्रान्सच्या राजांनी धाकट्या पुत्रांस पोटगीच्या जहागिरी तोडून दिल्या. वंश खुंटला की त्या पुन्हा गादीकडे जमा होत. इंग्लंडात तर १९२५ च्या कायद्यापर्यंत, मृत्युपत्र न करता मेलेल्या गृहस्थाची स्थावर जमीन, ज्येष्ठ पुत्र हयात असता, सर्वस्वी त्याच्याकडेच जाई. तेथील उमरावाचा धाकटा मुलगा कायद्याच्या नजरेत सामान्य प्रजाजनच असतो. त्याने सैन्यात जावे, धर्मपीठात शिरावे, वकिली करावी किंवा श्रीमंताची मुलगी पाहावी. विन्स्टन चर्चिल यांचे वडील एका ड्यूकचे धाकटे चिरंजीव होते. म्हणूनच पिता-पुत्र दोघांनाही लोकसभेत निवडून येऊनच आपले दैव घडवावे लागले.

ज्या घराण्यांनी हा कठोर नियम सोडला त्यांची गतही पाहण्यासारखी आहे. सॅक्सनीच्या एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्ट या दोघा भावांनी १४८५ मध्ये लाइपझिग येथे राज्याची वाटणी केली. निर्वाचकपदाचा प्रदेश थोरल्याकडे राहिला. उरलेल्याचे थोरल्याने वाटे केले आणि धाकट्याने निवड केली. आपल्याकडेही घरोघर हाच न्याय सांगतात: एकाने वाटे करावे, दुसऱ्याने उचलावे. पण पुढे काय झाले? १५४७ च्या युद्धात थोरल्या पातीचे निर्वाचकपद गेले आणि ते धाकट्या पातीस मिळाले. त्यानंतर थोरल्या पातीने आपसांत वाटण्यांवर वाटण्या करून थुरिंगियात इतकी लहान लहान संस्थाने निर्माण केली की नकाशा काढणाऱ्याने हात टेकावेत. त्यांपैकीच एका घरचा दुसरा मुलगा, कोबुर्गचा आल्बर्ट, १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती झाला. आणि फ्रान्समध्ये १५८९ साली जो बूर्बों वंश गादीवर आला, तो १२७० मध्ये वारलेल्या संत लुईच्या एका धाकट्या मुलाचा वंश होता. तीन शतके बाजूस उभी असलेली फांदी अखेर खोड झाली.

आता आपला कायदा पाहू. मनूने ज्येष्ठास विसावा, मधल्यास चाळिसावा आणि कनिष्ठास ऐंशीवा भाग अधिक देऊन बाकीचे समान वाटावे असे सांगितले आहे. म्हणजे ज्येष्ठाचा मान आहे, पण कनिष्ठाचा निकाल लावलेला नाही. पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस, किंवा बाराव्याच्या आरंभी, चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणी राजधानीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. हे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते आपल्या हैदराबाद राज्यातच होते. हिंदुस्थानच्या फार मोठ्या भागाचा वारसा कायदा ज्या ग्रंथावर उभा राहिला, तो असा आपल्या अंगणात लिहिला गेला याचा आम्हां हैदराबादकरांस अभिमान वाटल्यास नवल नाही. विज्ञानेश्वराने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राचा हक्क जन्मानेच उत्पन्न होतो. दुसरी, विषम वाटणी शास्त्रात सांगितली असली तरी ती लोकांस नकोशी झाली आहे, सबब आचरू नये. शास्त्रवचन समोर असता लोकमताकडे पाहून ते बाजूस ठेवणारा हा धर्मशास्त्री आम्हांस नेहमीच आदरणीय वाटत आला आहे.

अशा रीतीने युरोपने वतन राखले आणि धाकट्यास घराबाहेर काढले. आपण धाकट्यास राखले आणि वतनाचे तुकडे होऊ दिले. परंतु घरास जो नियम लागू, तो राज्यास लावावा काय? या प्रश्नाची सर्वांत मोठी सुनावणी मराठ्यांच्या इतिहासात झाली, आणि तिचा पहिला अंक आमच्या याच शहरात, तेव्हाच्या भागानगरात, घडला.

१६७७ च्या आरंभी शिवाजी महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर निघाले असता भागानगरास आले आणि सुमारे महिनाभर येथे राहिले. अबुल हसन कुतुबशहाने त्यांचा सन्मान केला. मादण्णा आणि आकण्णा हे त्याचे कारभारी बंधू या भेटीचे सूत्रधार होते. कुतुबशहाने रोज ३००० होन खर्चास आणि तोफखान्याची मदत देऊ केली. त्याच्या बदल्यात कर्नाटकात जो मुलूख जिंकला जाईल त्यात त्यास वाटा मिळावयाचा होता. पण त्या करारातील एक अट कायदा जाणणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. शहाजीराजांच्या ताब्यात जो मुलूख होता, तो या वाट्यातून वगळला होता. तो जिंकलेला मुलूख नव्हे, ती वडिलोपार्जित मालमत्ता, असे महाराजांनी परक्या दरबाराकडून आधीच मान्य करवून घेतले होते.

प्रतिपक्षी होते व्यंकोजीराजे. शहाजीराजांस जिजाबाईंच्या पोटी संभाजी आणि शिवाजी, व तुकाबाईंच्या पोटी व्यंकोजी. थोरला संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारला गेला. म्हणजे ज्यांस आपण छत्रपती म्हणतो ते स्वतःही धाकटेच पुत्र होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. १६६४ मध्ये शहाजीराजे वारले आणि बंगळूर, कोलार, होसकोट, शिरे वगैरे कर्नाटकातील जहागीर व्यंकोजीराजांकडे राहिली. १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले. शहाजीराजांच्या कारभाऱ्याचा मुलगा रघुनाथपंत हणमंते हा व्यंकोजीराजांशी बिघाड होऊन महाराजांकडे आला, आणि वाटणीचा प्रश्न उभा राहिला. अशा तंट्यात जुना कारभारी ज्या बाजूस जातो तिकडे कागदही जातात, हे आमच्या व्यवसायबंधूंस सांगावयास नकोच.

भागानगराहून महाराज श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या दर्शनास गेले, तेथून जिंजीकडे उतरले, आणि जुलै १६७७ मध्ये कोळिदम नदीकाठी तिरुमळवाडीस दोघा भावांची भेट झाली. महाराजांनी निम्मी वाटणी मागितली. काही दिवसांनी व्यंकोजीराजे रात्री निघून तंजावरास परत गेले. मग पत्रव्यवहार झाला. महाराजांनी लिहिले की वडील जाऊन तेरा वर्षे झाली, तितकी वर्षे तुम्ही सर्व दौलत एकट्याने खाल्ली आणि आम्ही स्वस्थ राहिलो. दुर्योधनाची आठवणही त्यांनी भावास करून दिली.

हा दावा आज कोणी आमच्याकडे आणला तर आम्ही तीन मुद्दे काढू. पहिला, जहागीर ही वडिलोपार्जित मालमत्ता होय काय? ती विजापूरच्या दरबाराने चाकरीबद्दल दिलेली. चाकर मेला की देणगी देणाऱ्याकडे परत जाणार, आणि नवी सनद ज्याच्या नावे होईल त्याची ती. दुसरा, तंजावर हे व्यंकोजीराजांचे स्वार्जित होय काय? मिताक्षरेचा नियम असा की पित्याच्या धनाचा आधार घेऊन मिळविलेले धन स्वार्जित होत नाही. ज्या फौजेने तंजावर घेतले तिचा पगार कोठून आला, यावर उत्तर अवलंबून आहे. तिसरा मुद्दा सर्वांत अडचणीचा. रायगडाच्या राज्याचा उगमही शहाजीराजांनी दिलेल्या पुण्याच्या जहागिरीतच आहे. तोच नियम उलटा फिरविला तर व्यंकोजीराजांस स्वराज्याची निम्मी वाटणी मागता आली असती! कायद्याची तलवार दुधारी असते, ती अशी.

यातून निष्कर्ष निघतो तो हा की राज्य ही मिताक्षरेच्या तराजूत बसणारी वस्तूच नव्हे. महाराजांस हे कळत नव्हते असे मानणे धाडसाचे होईल. वाटणीची भाषा त्यांनी वापरली, कारण ती भाषा भावास, भाऊबंदांस आणि लोकांस समजणारी होती. भावावर स्वारी करणे हा अधर्म. भावाकडे वाटा मागणे हा व्यवहार.

महाराज परतल्यावर नोव्हेंबरात व्यंकोजीराजांनी मागे राहिलेल्या फौजेवर हल्ला केला. त्या फौजेत पुढे होता संताजी भोसले, शहाजीराजांचाच विवाहबाह्य पुत्र. ज्यास कोणीच वाटा देऊ करीत नव्हते, तो भाऊ महाराजांच्या बाजूने लढला आणि व्यंकोजीराजांस माघार घ्यावी लागली. मग तह झाला. व्यंकोजीराजांची पत्नी दीपाबाई हिच्या शहाणपणाचा त्यात मोठा भाग होता. कोळिदमच्या दक्षिणेचा तंजावर प्रांत व्यंकोजीराजांकडे राहिला, उत्तरेचा जिंजीकडील मुलूख महाराजांकडे. बंगळूरकडील काही महाल दीपाबाईस चोळीबांगडीसाठी दिले गेले. नदी ही दोन भावांमधील मेर ठरली.

आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते यानंतरचे. वाटणीनंतर व्यंकोजीराजे खिन्न होऊन बसले, कारभारात लक्ष घालीनात. तेव्हा महाराजांनी त्यांस पत्र लिहिले: हे वैराग्याचे वय नव्हे, फौज रिकामी बसवू नका, पराक्रम करा, नाव मिळवा. दावा जिंकलेल्या पक्षकाराने हरलेल्यास असे पत्र लिहिल्याचे उदाहरण आमच्या वकिलीत आम्ही पाहिलेले नाही. वाटणीपर्यंत ते वाटेकरी होते. वाटणीनंतर ते थोरले भाऊ झाले.

पुढे भोसल्यांच्या घरात हाच प्रश्न पुन्हा उठला. महाराजांचे ज्येष्ठ पुत्र संभाजीराजे यांची शाहू महाराजांची पाती साताऱ्यास, आणि कनिष्ठ पुत्र राजाराम महाराजांची पाती कोल्हापुरास, असा भेद झाला. १७३१ च्या वारणेच्या तहाने तो मिटला. या वेळीही मेर नदीचीच होती. सातारची थोरली पाती १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी खालसा केली. कोल्हापूरची धाकटी पाती १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत राज्य करीत होती. माळव्यात देवासच्या पवार बंधूंनी तर अठराव्या शतकात एकाच गावात दोन गाद्या मांडल्या. त्यांची नावेच थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार, हा प्रकार १९४८ पर्यंत चालला. पाहुण्यांस त्याची मौज वाटे. पण दोनशेहून अधिक वर्षांत या दोन पात्यांनी एकमेकींचा उच्छेद केला नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे. आणि १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीस वारस हवा झाला तेव्हा तो देवासच्या थोरल्या पातीतूनच दत्तक आला.

जेथे धाकट्यास वाटा नाकारला आणि मनही दिले नाही, तेथे काय झाले तेही पाहावे. रघुनाथराव हा पहिल्या बाजीरावाचा धाकटा मुलगा. भावाच्या मृत्यूनंतर त्याने पुतण्याकडे, माधवरावाकडे, निम्मे राज्य मागितले. माधवरावाने नाकारले, आणि राज्याच्या हिताने ते योग्यच होते. १७६८ मध्ये धोडपास लढाई होऊन रघुनाथराव कैदेत पडला. पण त्याचे समाधान कशात आहे हा प्रश्न कैदेने सुटत नव्हता. १७७५ मध्ये त्याने सुरतेस इंग्रजांशी तह केला, आणि घरचा तंटा परक्याच्या कचेरीत गेला. त्याच्याच मुलास, दुसऱ्या बाजीरावास, १७९६ मध्ये पेशवाईची वस्त्रे मिळाली. म्हणजे धाकटी पाती अखेर जिंकली. १८१८ मध्ये त्याच पातीच्या हातून पेशवाई गेली.

आमच्या हैदराबादच्या गादीची कथाही याहून फार निराळी नाही. १७४८ मध्ये पहिले निजाम वारले आणि चौदा वर्षे त्यांच्या मुलांत व नातवात गादीसाठी कलह चालला. त्या कलहात फ्रेंचांनी उत्तर सरकारचा किनारा मिळविला आणि पुढे तो इंग्रजांकडे गेला. अखेर १७६२ मध्ये भावास दूर सारून गादीवर बसलेले निजाम अली हे चौथे पुत्र. त्यांच्याच वंशाने पुढे १९४८ पर्यंत राज्य केले. या राज्यातील जहागिरींचा नियम युरोप आणि मिताक्षरा यांच्या मधला होता. जहागीर सरकारची देणगी, ती मंजुरीने बहुधा एकाच्या नावे चाले. बाकीचे भाऊबंद हिस्सेदार किंवा गुजारायाब म्हणून नोंदले जात. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरीच रद्द झाल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी पुन्हा त्याच वंशावळी उलगडल्या गेल्या, आणि ज्याची फांदी कागदावर नव्हती तो हात हलवीत परत गेला.

येथे आम्ही पुन्हा तंजावरकडे वळतो, कारण वंशावळीचे मोल त्या धाकट्या पातीने जितके ओळखले तितके कोणीच ओळखले नाही. व्यंकोजीराजांचे तीन पुत्र, शहाजी, सरफोजी आणि तुकोजी, १६८४ पासून १७३६ पर्यंत एकामागून एक गादीवर बसले. राज्याचे तुकडे झाले नाहीत. १७८७ मध्ये तुळजाजीराजे वारले. त्यांनी घेतलेला दत्तक पंडितांच्या मताने अशास्त्र ठरविण्यात आला आणि गादी त्यांच्या सावत्र भावास मिळाली. पुढे अन्य पंडितांच्या मताने तोच दत्तक सशास्त्र ठरला, आणि १७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर आले. पंडितांची मते कंपनी सरकारच्या सोयीप्रमाणे बदलली असे कोणी म्हटल्यास आम्ही त्याचा प्रतिवाद करणार नाही. पुढच्याच वर्षी कारभार कंपनीने काढून घेतला. ज्याचा हक्क दोनदा तोलला गेला आणि ज्याच्या हाती सत्ता उरली नाही, अशा त्या राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. तमिळ देशात, चोळांनी बांधलेल्या देवालयात, मराठीतील तो विस्तीर्ण लेख आजही उभा आहे. कचेरीतील कागद बदलता येतो, देवाच्या भिंतीवरील अक्षर बदलत नाही, असाच त्याचा विचार असावा.

१८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे पुत्राविना वारले. कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या न्यायालयात दावा जिंकला. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला. ही सत्तेची कृती आहे, तिचा न्याय करण्याचा अधिकार न्यायालयास नाही, असे ठरले. कायद्याच्या विद्यार्थ्यांस हा निकाल आजही शिकवितात. गादी गेली. राहिले काय? सरस्वती महालातील हजारो पोथ्या, आणि मंदिराच्या भिंतीवरची वंशावळ.

यावरून आमच्या मनात एक विचार दृढ झाला आहे. राज्ये गेली, जहागिरी गेल्या. आता आमच्या समाजात पुष्कळ घरांतून वाटून घेण्यास जे वडिलोपार्जित उरले आहे ते देवाच्या दारीच आहे: कोठे पूजेची पाळी, कोठे पालखीचा मान, कोठे महाजनकी. आणि येथेच आपल्या शास्त्राने तो प्रश्न सोडविलेला आहे, जो युरोपच्या राजांस सुटला नाही. मिताक्षरेत अविभाज्य वस्तूंचा विचार आहे. यज्ञयाग, तळी, धर्मकृत्ये यांची वाटणी नाही. घरच्या विहिरीची किंमत करून ती विकू नये. तिचे पाणी भावांनी पर्यायाने, म्हणजे पाळीपाळीने, घ्यावे. वस्तू अखंड राहते आणि वाटा प्रत्येकास मिळतो. देवस्थानांतील पाळी ही याच न्यायाने चालत आली आहे. तुळजापूरची भवानी ही भोसल्यांच्या दोन्ही पात्यांची कुलस्वामिनी. तिची कोणी वाटणी मागितली नाही. कोळिदम आणि वारणा यांनी मुलूख तोडले, कुलदेवता तोडली नाही. गोव्यातील देवस्थानांतही महाजनकीत थोरल्या-धाकट्याचा भेद नाही. घराणे मंगळुरास जावो, मुंबईस जावो की हैदराबादेस येवो, धाकट्याचा धाकटाही थोरल्याइतकाच महाजन.

मात्र हा न्याय पूर्ण व्हावयाचा राहिला आहे, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९३३ च्या पोर्तुगीज अमदानीतील विनियमाने महाजनकी पुरुषवंशातच ठेवली. त्याच गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेने घरच्या मालमत्तेत मुलीस मुलाबरोबर वाटा दिला होता. म्हणजे घरात वाटेकरी आणि देवळात परकी, अशी कन्येची स्थिती झाली. आंध्र प्रदेशाने १९८६ च्या दुरुस्तीने मुलीस जन्मसिद्ध सहदायिक केले, महाराष्ट्राने १९९४ मध्ये, आणि २००५ मध्ये हा नियम सर्व देशास लागू झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मानेच येतो हे निःसंदिग्ध केले. इंग्लंडच्या राजघराण्यानेही २०१३ च्या कायद्याने थोरल्या बहिणीस धाकट्या भावाच्या मागे ठेवण्याची रीत सोडली. आजची धाकटी पाती म्हणजे कन्येची पाती होय. विषम वाटणी लोकांस नकोशी झाली म्हणून शास्त्रवचन बाजूस ठेवणारा विज्ञानेश्वर आज असता तर त्याने काय लिहिले असते, याचा विचार देवस्थानांच्या समित्यांनी करावा.

त्या वृद्ध गृहस्थांचे प्रकरण न्यायालयात गेले नाही. त्यांच्या चुलतघराण्यातील एका वडीलधाऱ्या बाईंस जुनी नावे पाठ होती. त्यांच्या तोंडून ती उतरवून घेतली, गावच्या उपाध्यायांच्या वहीशी ताडून पाहिली, आणि दोन्ही पात्यांनी सही करून नवी वंशावळ तयार केली. पाळीचे दिवस ठरले. नवरात्रातील दोन दिवस त्यांच्या वाट्यास आले. ते पुन्हा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी तो कागद उलगडून दाखविला. आजोबांच्या नावाखाली त्यांचे नाव होते, आणि त्यांच्या नावाखाली त्यांच्या दोन मुलींची.

आमच्या वाचकांस आमची विनंती इतकीच आहे की हे काम तंटा उपस्थित होण्यापूर्वी करावे. घरात जे कोणी वृद्ध असतील त्यांस विचारून धाकट्या पातीची नावे लिहून घ्यावीत, सुनांची आणि लेकींचीही लिहावीत, आणि त्याची एक प्रत देवस्थानात ठेवावी.